जुने वेस्टर्न पिक्चर आवडतात, पण त्यातले 'रेड इंडियन' बघवत नाहीत. तुमचं काय होतं?

धुळीची_वाट:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितो, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मला वेस्टर्न पिक्चर प्रचंड आवडतात. घोडे, धूळ, नजर पोचेल तिथपर्यंत मोकळं रान आणि लांबून एकटा येणारा माणूस, एवढं दिसलं की मी हातातलं काम सोडून बसतो. गेल्या आठवड्यात 'द सर्चर्स' (१९५६, जॉन फोर्डचा, जॉन वेनवाला) तिसऱ्यांदा बघितला. ह्यावेळी प्रिंट एकदम स्वच्छ होती. कोमांची टोळीचा म्होरक्या स्कार, ज्याने पळवून नेलेल्या पुतणीसाठी जॉन वेन त्याच्या मागावर वर्षानुवर्षं भटकतो, त्याचा चेहरा जवळून आला आणि मी पिक्चर थांबवलाच. डोळे निळे! शोधलं तर कळलं की तो नट हेन्री ब्रँडन, जन्म बर्लिनचा. त्याच्या मागे घोड्यावर बसलेले जे आहेत ते मात्र खरे नेटिव्ह अमेरिकन, पण ते पण कोमांची नाहीत, नवाहो आहेत, कारण शूटिंग मॉन्युमेंट व्हॅलीत झालं आणि तो सगळा मुलूख नवाहोंचा. म्हणजे ज्याला संवाद आहेत तो जर्मनीत जन्मलेला, आणि जे खरे तिथले त्यांनी फक्त आरोळ्या ठोकायच्या आणि गोळी लागली की घोड्यावरून पडायचं.

दुसरी गोष्ट जी मला जास्त लागली. त्यात मार्टिन नावाचा तरुण घोंगड्यांचा सौदा करायला जातो आणि नकळत एक बायकोच विकत घेऊन बसतो. ती जाडसर, अबोल कोमांची बाई. तो तिला काही सांगायला 'लुक' म्हणून सुरुवात करतो, तिला वाटतं हेच आपलं नवीन नाव. ती त्याच्या शेजारी येऊन आडवी होते तेव्हा तो तिला लाथ मारतो आणि ती उतारावरून गडगडत खाली जाते, जॉन वेन खो खो हसतो आणि आपणही हसावं अशी अपेक्षा आहे. पहिल्या दोन वेळा मी हसलो होतो हे कबूल करतो. पण थोड्या वेळाने हीच बाई घोडदळाने जाळलेल्या वस्तीत मरून पडलेली सापडते, आणि मार्टिन विचारतो की हिला कशाला मारायचं होतं, हिने कोणाचं काय वाकडं केलं होतं. आता एकाच पिक्चरमध्ये तिची टिंगल पण आणि तिच्यासाठी दुःख पण. हे काय समजायचं मला कळत नाही.

तर प्रश्न असा की सगळे जुने वेस्टर्न असेच आहेत का? काळे, मेक्सिकन, चिनी, बायका, हे लोक त्या काळच्या पश्चिमेत होते का नव्हते? आणि होते तर पडद्यावर कुठे गेले? असे कुठले पिक्चर आहेत जे बघताना असं मध्येच थांबावं लागत नाही? जाणकारांनी सांगा प्लीज.

---

जुना_प्रोजेक्टर:

धागा आवडला. मी हे पिक्चर लहानपणापासून बघत आलोय त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

तेव्हाचं स्टुडिओचं गणित सरळ होतं, मोठं नाव असेल तर तिकीट खपतं. मोठी नावं सगळी गोऱ्यांची. त्यामुळे 'ब्रोकन ॲरो' (१९५०) मध्ये अपाची प्रमुख कोचीसचं काम जेफ चँडलरला मिळालं, जो ब्रुकलिनचा ज्यू मुलगा, आणि त्याला त्यासाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण तो पिक्चर बघा तर खरं! अपाचींची बाजू, त्यांचा शब्दाला जागण्याचा स्वभाव, गोऱ्यांनी केलेली फसवणूक, हे सगळं त्यात आहे. त्याच वर्षी अँथनी मानचा 'डेव्हिल्स डोअरवे' आला, त्यात रॉबर्ट टेलर शोशोनी आहे, यादवी युद्धात अमेरिकेसाठी लढून पदक घेऊन घरी येतो आणि कळतं की स्वतःच्याच बापजाद्यांच्या जमिनीवर त्याला कायद्याने हक्क सांगता येत नाही कारण तो इंडियन. नट गोरा आहे, मान्य, तोंडाला फासलेला रंग डोळ्यात खुपतो, हेही मान्य. पण १९५० साली हे बोलायला छाती लागत होती. आणि फोर्ड नवाहोंना वर्षानुवर्षं काम देत होता, १९३९ च्या 'स्टेजकोच' पासून. त्यांच्या भागात त्यावेळी रोजगार कुठला होता?

माझं म्हणणं एवढंच की तो काळ तसा होता. आजची मापं लावून मोजलं तर एकही जुना पिक्चर हातात उरणार नाही.

---

तिसरी_घंटा:

प्रोजेक्टरकाका, तुमच्या प्रतिसादातली पिक्चरची नावं एकदम बरोबर, 'डेव्हिल्स डोअरवे' तर माझा जीव की प्राण आहे. पण 'तो काळ तसा होता' ह्याच्याशी मी अजिबात सहमत नाही, आणि का ते नीट सांगते, कारण हे वाक्य ह्या विषयावर प्रत्येक वेळी येतं आणि गोष्ट तिथेच संपते.

त्याच्या आधीचा काळ तसा नव्हता! १९१४ साली सेसिल डमिलचा 'द स्क्वॉ मॅन' आला, हॉलिवूडमध्ये शूट झालेल्या पहिल्या मोठ्या लांबीच्या पिक्चरपैकी एक. त्यात मुख्य बाईचं काम रेड विंग ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिलियन सेंट सीरने केलं, ती नेब्रास्कातली हो-चंक जमातीची. मुका पिक्चर होता पण नाव तिचं, चेहरा तिचा. डमिलने हीच गोष्ट १९३१ मध्ये पुन्हा काढली, बोलपट म्हणून, तेव्हा तोच रोल मेक्सिकोच्या लुपे व्हेलेझकडे गेला. म्हणजे सतरा वर्षांत पुढे जायच्या ऐवजी मागे आले.

त्याहून मोठं उदाहरण १९२० चं आहे, 'द डॉटर ऑफ डॉन'. ओक्लाहोमात शूट झाला, तीनशेच्या वर कलाकार आणि सगळे कायोवा आणि कोमांची. एकही गोरा नट नाही. कपडे त्यांचे स्वतःचे, तंबू त्यांचे, घोडे त्यांचे. कोमांचींचा मोठा नेता क्वाना पार्कर, त्याचा मुलगा व्हाइट पार्कर ह्यात हिरो आहे आणि मुलगी वनाडा पार्कर पण आहे. हा पिक्चर कित्येक दशकं हरवलेला होता, मग एकविसाव्या शतकात त्याची रिळं सापडली, ओक्लाहोमाच्या इतिहास संस्थेने विकत घेऊन दुरुस्त केला आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म यादीत गेला. आणि क्वाना पार्कर स्वतः? तो १९०८ मध्ये 'द बँक रॉबरी' नावाच्या छोट्या पिक्चरमध्ये दिसलाय! खरा कोमांची प्रमुख कॅमेऱ्यासमोर उभा राहून गेला होता आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच कोमांचींचा प्रमुख दाखवायला हॉलिवूडला बर्लिनचा माणूस लागला.

म्हणून काका, कलाकार नव्हते असं नाही. होते, कामं करत होते, त्यांना मागे सारलं गेलं. १९५० च्या त्याच 'ब्रोकन ॲरो' मध्ये जे सिल्व्हरहील्स आहे, कॅनडात ओंटारियोच्या सिक्स नेशन्स रिझर्व्हचा (रिझर्व्ह म्हणजे नेटिव्ह लोकांसाठी राखून ठेवलेली जमीन), मोहॉक जमातीचा. कोचीसचा रोल त्याला नाही, त्याला दुसरा अपाची नेता जेरोनिमो, आणि तो पण पाच मिनिटांचा, तहाला विरोध करणारा. हाच माणूस टीव्हीवर 'द लोन रेंजर' मध्ये हिरोचा नेटिव्ह साथीदार टोन्टो होता, १९४९ ते १९५७. तुटक तुटक इंग्रजी बोलायला लावलं त्याला इतकी वर्षं. 'टोन्टो' चा स्पॅनिशमध्ये अर्थ मूर्ख. त्याने पुढे साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये नेटिव्ह नटांसाठी अभिनयाची कार्यशाळा सुरू केली, कारण त्याला माहीत होतं की उद्या कोणी म्हणेल नट मिळत नव्हते.

मोबाईलवरून टाइप करतेय, शुद्धलेखन समजून घ्या. बाकी सविस्तर उद्या, काळ्या काऊबॉयबद्दल लिहायचंय.

---

कोरा_कागद:

+१ तिसरी घंटा. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

एक विनंती, आपण मराठीत सर्रास 'रेड इंडियन' लिहितो ते जमल्यास सोडूया. ते कोलंबसाच्या चुकीतून आलेलं नाव आणि वरून कातडीचा रंग चिकटवलेला. जमातीचं नाव माहीत असेल तर तेच लिहावं, अपाची, शायेन, नवाहो. निदान नेटिव्ह अमेरिकन. ह्या पिक्चरांनीच सगळ्यांना एका पिसांच्या टोपीखाली कोंबलंय. मैदानी जमातींची ती पिसांची टोपी वाळवंटातल्या लोकांच्या डोक्यावर पण दिसते.

---

धुळीची_वाट:

बरोबर आहे कागद, शीर्षकात मी म्हणूनच अवतरणात टाकलं होतं पण इथून पुढे वापरणार नाही.

तिसरी घंटा, क्वाना पार्करचं वाचून अंगावर काटा आला. हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. हा क्वाना म्हणजे तोच ना ज्याची आई गोरी होती?

---

तिसरी_घंटा:

हो तोच. आईचं नाव सिंथिया ॲन पार्कर. १८३६ मध्ये टेक्सासमधल्या पार्कर कुटुंबाच्या गढीवर हल्ला झाला तेव्हा ती नऊएक वर्षांची होती, कोमांचींनी पळवून नेली. ती तिथेच वाढली, तिथेच लग्न झालं, मुलं झाली. १८६० मध्ये टेक्सास रेंजर्सनी (तिथलं सशस्त्र दल) तिला 'सोडवून' आणलं तेव्हा ती चोवीस वर्षं कोमांची म्हणून जगली होती, कडेला छोटी मुलगी होती. माहेरच्यांना वाटलं पोर घरी आली. ती मात्र परत पळून जायचा प्रयत्न करत राहिली. मुलगी आजारात गेली, मुलांची भेट पुन्हा कधी झालीच नाही, आणि ती तशीच झुरून गेली.

'द सर्चर्स' ज्या कादंबरीवर आहे ती लिहिताना अशा पळवून नेलेल्या पोरींच्या खऱ्या हकिकतींचा आधार होता आणि त्यात सगळ्यात गाजलेली हीच. आता शेवटचा सीन आठव. जॉन वेन पोरीला उचलतो, घरी चल म्हणतो, शेजारचं कुटुंब दारात उभं, ती आत जाते, दार बंद. सगळं जग त्या दारातून दिसणाऱ्या जॉन वेनकडे बघतं, तो बाहेरच राहिला म्हणून हळहळतं. आत गेलेल्या मुलीचं पुढे काय झालं असेल हे पिक्चर विचारतच नाही. मी तो शॉट दहा वेळा बघितलाय, फार सुंदर आहे, आणि दर वेळी मला दाराच्या आतल्या अंधारात काय चाललं असेल हेच वाटत राहतं.

---

घोडागाडी_८७:

काळ्या काऊबॉयचं तिसरी घंटा लिहिणार होत्या पण मला राहवत नाही, आधी मी लिहितो, नंतर भर घाला.

इतिहासकारांचा अंदाज आहे की गुरांचे कळप हाकणाऱ्या काऊबॉयमध्ये साधारण चारातला एक काळा होता. यादवी युद्ध संपलं, गुलामी गेली, टेक्सासमध्ये गुरं सांभाळायची सवय असलेली हजारो काळी माणसं मोकळी झाली आणि कामाला लागली. नॅट लव्ह नावाचा काऊबॉय टेनेसीत गुलाम म्हणून जन्मला आणि १९०७ मध्ये स्वतःचं आत्मचरित्र छापलं. बास रीव्हज, हा पण जन्माने गुलाम, १८७५ मध्ये डेप्युटी यू एस मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी झाला आणि आजच्या ओक्लाहोमाच्या भागात तीसेक वर्षं गुन्हेगार पकडले. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, वॉरंट कोणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि पाठ करून निघायचा! ह्या माणसावर जुन्या हॉलिवूडने एक मोठा पिक्चर काढला नाही. लोन रेंजर हा त्याच्यावरूनच बेतला होता असं पण म्हणतात.

मग काळ्या प्रेक्षकांनी काय केलं तर स्वतःचे वेस्टर्न बघितले. हर्ब जेफ्रीज नावाचा गायक होता, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये पण गायचा, त्याने 'हार्लेम ऑन द प्रेअरी' (१९३७), 'द ब्रॉन्झ बकरू' (१९३९) असे गाणारे काऊबॉय पिक्चर केले, सगळे कलाकार काळे. बजेट अगदी तुटपुंजं, काही शूटिंग कॅलिफोर्नियात एका काळ्या जोडप्याच्या मालकीच्या रँचवर. हे पिक्चर मुख्यतः काळ्यांच्या वेगळ्या थिएटरांत लागायचे, कारण दक्षिणेत थिएटरं पण वेगळी, एकत्र असेल तर त्यांनी वर बाल्कनीत बसायचं. आता विचार करा, शनिवारी एक लहान पोरगा पिक्चरला जातोय आणि पडद्यावर पांढऱ्या घोड्यावर त्याच्यासारखा दिसणारा हिरो. ते पिक्चर मी बघितलेत, गोष्ट साधीच आहे, पण ते बघताना मला त्या पोराचाच विचार येत होता.

---

तिसरी_घंटा:

घोडागाडी, सुंदर लिहिलंय. फक्त एक दुरुस्ती, बास रीव्हज आणि लोन रेंजरचं नातं खूप ठिकाणी छापून येतं पण त्याला ठोस पुरावा नाही. रीव्हजचं स्वतःचं आयुष्य एवढं मोठं आहे की ह्या दाव्याची त्याला गरजच नाही.

आणि वुडी स्ट्रोडचं नाव आलं नाही अजून! माझ्या मते ह्या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली तोच आहे. उंचापुरा, फूटबॉलपटू, १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळला तेव्हा केनी वॉशिंग्टनबरोबर त्याने एनएफएल (अमेरिकन फूटबॉलची मोठी लीग) मधली काळ्यांवरची अघोषित बंदी मोडली. मग पिक्चरमध्ये आला. फोर्डने १९६० मध्ये 'सार्जंट रटलेज' काढला त्यात तो नवव्या घोडदळाचा सार्जंट. ही काळ्या सैनिकांची पलटण, १८६६ पासूनची, ह्यांनाच बफेलो सोल्जर म्हणायचे. त्याच्यावर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार आणि खुनाचा आळ येतो आणि लष्करी कोर्टात खटला चालतो. पिक्चर त्याच्या नावाचा, पण श्रेयनामावलीत आधी जेफ्री हंटर, कारण वकील तो. तरी कोर्टात उलटतपासणी चालू असते, पळून जायची संधी होती तर परत का आलास असं विचारतात, आणि तो आधी शिस्तीत उत्तरं देतो आणि मग आवाज फुटतो, की ही पलटणच माझं घर, माझी इज्जत, तिथून पळालो तर मी कोण उरलो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये काळ्या माणसाचा चेहरा एवढा वेळ असा समोरून, एवढ्या मानाने दाखवलेला मी दुसरीकडे बघितला नाही.

मग दोन वर्षांनी 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'. त्यात स्ट्रोड पॉम्पी आहे, जॉन वेनचा गडी. रोल छोटा, मालकाच्या मागे मागे राहायचं. पण दोन जागा बघा. एक, जेम्स स्टुअर्ट गावातल्या लहानमोठ्यांना लिहायला वाचायला शिकवतोय, पॉम्पी उभा राहून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणायला लागतो आणि 'सर्व माणसं समान' इथे येऊन अडखळतो, आठवत नाही. मास्तर म्हणतो की हा भाग बरेच जण विसरतात. मागे भिंतीवर लिंकनचा फोटो. दोन, पुढे बारमध्ये त्याला दारू द्यायला बारवाला कांकू करतो. पंधरा सेकंदाचा मामला आहे, गोष्टीशी काही संबंध नाही, कापला असता तरी चाललं असतं. फोर्डने ठेवला.

म्हणून धुळीची_वाट, तुमच्या 'टिंगल पण आणि दुःख पण' ह्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे की दोन्ही खरं आहे. फोर्डला दिसत होतं. दिसलेलं तो मधूनच टाकायचा, आणि पुढच्याच रिळात जुन्या सवयीवर जायचा. दोन्ही लक्षात ठेवून बघायचं, एकाने दुसरं पुसू द्यायचं नाही.

---

सांजवेळ:

कोणी मेक्सिकन लोकांबद्दल आणि बायकांबद्दल लिहीत नाहीये म्हणून मी.

आधी शब्दच बघा. काऊबॉयची बरीचशी भाषा स्पॅनिशमधून आलीय. रोडिओ, रँच, मस्टँग, ब्रॉन्को, लॅसो, लॅरियट म्हणजे 'ला रेआता'. घोडागाडीने वर 'बकरू' लिहिलंय ना, तो शब्द म्हणजे 'वाकेरो' चा उच्चार बिघडून झालेला, वाकेरो म्हणजे गुराखी. मेक्सिकन वाकेरो हे काम आधीपासून करत होते, खोगीर, दोर, चामड्याचे चॅप्स, सगळं त्यांच्याकडून आलं. आणि पिक्चरमध्ये मेक्सिकन कोण? दरोडेखोर, नाहीतर झोपाळू नोकर, नाहीतर हॉटेलवाला विनोदी माणूस.

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) मेक्सिकोत शूट झाला, तिथल्या सरकारी सेन्सॉरने अट घातली की गावकरी घाणेरडे दाखवायचे नाहीत. म्हणून त्यात शेतकऱ्यांचे कपडे सतत पांढरेशुभ्र, नीट बघा, मातीत काम करताना पण डाग नाही. त्यांना आधीच्या पिक्चरांचा इतका राग होता. तरी दरोडेखोर काल्वेरा झाला ब्रुकलिनचा ईलाय वॉलक, आणि सातातला मेक्सिकन पोरगा चिको झाला जर्मनीचा हॉर्स्ट बुखहोल्झ. पण त्याच पिक्चरची सुरुवात बघा, गावात ओल्ड सॅम नावाचा इंडियन मेलाय आणि गावातले लोक त्याला स्मशानात पुरू द्यायला तयार नाहीत, गोऱ्यांच्या शेजारी नको म्हणून. यूल ब्रिनर आणि स्टीव्ह मॅक्वीन शववाहिनीची गाडी हाकत गोळ्यांच्या समोरून टेकडीवर नेतात. हे हिरोचं पहिलं काम! प्रेत कधी दिसत नाही, ओल्ड सॅम कोण होता ते कळत नाही, पण मला तो सीन फार आवडतो.

आणि केटी हुराडो. 'हाय नून' (१९५२) सगळे गॅरी कूपरसाठी बघतात, मी तिच्यासाठी. हेलन रामिरेझ, गावातल्या दुकानाची आणि बारची मालकीण, कोणाची मिंधी नाही. कूपर तिला सावध करायला येतो तेव्हा ती स्पॅनिशमध्ये एवढंच म्हणते की वर्षभर दिसला नाहीस, तो स्पॅनिशमध्येच म्हणतो, माहीत आहे. बस. एवढ्यात दोघांचं सगळं मागचं कळतं, भाषांतर द्यायची गरजच पडली नाही. आणि नंतर ग्रेस केलीला ती सांगते की मला ह्या गावाचा कायम तिटकाराच वाटला, अशा गावात मेक्सिकन बाई होऊन राहायचं. त्या रोलला तिला गोल्डन ग्लोब मिळालं. दोन वर्षांनी 'ब्रोकन लान्स' मध्ये ऑस्करचं नामांकन, आणि त्यात रोल कुठला तर कोमांची बायको, जिला गावातले लोक बरं दिसावं म्हणून 'सेन्योरा' म्हणतात! म्हणजे खऱ्या मेक्सिकन बाईने कोमांची व्हायचं आणि पिक्चरमधल्या कोमांची बाईने मेक्सिकन असल्याचं सोंग करायचं.

अवांतर: गोऱ्या हिरोशी लग्न केलेली नेटिव्ह बायको बहुतेक वेळा मरते हे कोणाच्या लक्षात आलंय का? 'द स्क्वॉ मॅन' मध्ये ती जीव देते. 'ब्रोकन ॲरो' मध्ये जेम्स स्टुअर्टची अपाची बायको गोळीने मरते. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली, त्यात गोऱ्या आणि काळ्यांचं प्रेम दाखवायला सरळ बंदी होती. नेटिव्ह बायकांबद्दल त्यात तसं कलम नव्हतं, पण लिहिणाऱ्यांना त्यांचं सुखाचं घर दाखवणं जमत नव्हतं. ह्या बायकांची पोरंबाळं झालेली, म्हाताऱ्या झालेल्या मला बघायच्या होत्या.

---

जुना_प्रोजेक्टर:

सांजवेळ, तिसरी घंटा, दोघींचं वाचलं, दोनदा वाचलं. रेड विंग आणि 'डॉटर ऑफ डॉन' बद्दल मला काहीच माहीत नव्हतं. माझं वरचं 'तो काळ तसा होता' मी मागे घेतो. आधी वेगळं होऊ शकलं होतं, तर तो काळाचा दोष नाही, माणसांनी निवडलेलं होतं ते.

एक किस्सा सांगतो जो माहितीचा असेल. फोर्डने शेवटी शेवटी १९६४ मध्ये 'शायेन ऑटम' काढला, म्हणाला मी इतके इंडियन मारले, आता त्यांच्या बाजूने एक करतो. १८७८ मध्ये शायेन लोक ओक्लाहोमाच्या रिझर्व्हेशनमधून उपासमारीला कंटाळून आपल्या उत्तरेच्या मुलखाकडे निघाले, त्याची गोष्ट. पण मुख्य शायेन कोण, तर रिकार्डो मॉन्टलबान, गिल्बर्ट रोलंड, डोलोरेस डेल रिओ, सॅल मिनिओ. मागे पुन्हा आपले नवाहो, आणि ते शायेन म्हणून चक्क नवाहो भाषा बोलतात. असं सांगतात की गंभीर प्रसंगात त्यांनी त्यांच्या भाषेत काहीबाही चावट बोलून ठेवलंय, सेटवर कोणाला कळलं नाही, आणि पिक्चर नवाहो लोकांना दाखवला की जिथे सगळं जग गप्प असतं तिथे ते पोट धरून हसतात. मी आधी हा किस्सा गंमत म्हणून सांगायचो. आता वाटतंय की त्या अख्ख्या पिक्चरमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेले संवाद तेवढेच.

---

रेघोट्या:

चिनी लोकांचं मूळ धाग्यात विचारलंय ते राहिलंच. अमेरिकेची दोन टोकं जोडणाऱ्या रेल्वेचा पश्चिमेकडचा भाग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने बांधला, तिचे बहुसंख्य मजूर चिनी होते, सिएरा नेवाडाचे बोगदे त्यांनी हातांनी आणि सुरुंगांनी खोदले, बर्फात गाडले गेले. १० मे १८६९ ला युटातल्या प्रोमोंटरीला दोन्ही बाजूंचे रूळ जोडले, त्याचा तो दोन इंजिनं समोरासमोर असलेला प्रसिद्ध फोटो सगळ्यांनी बघितला असेल. त्यात चिनी मजूर शोधून सापडत नाहीत. १८८२ मध्ये कायदा करून त्यांना देशात यायलाच बंदी घातली. पिक्चरमध्ये नंतर जे चिनी दिसतात ते धोबी किंवा स्वयंपाकी. तो फोटोच पुढचे शंभर पिक्चर झाला असं मला वाटतं.

आणि धागाकर्त्याने न थांबता बघता येणारे विचारलेत तर 'बक अँड द प्रीचर' (१९७२). सिडनी पॉटियेने स्वतः दिग्दर्शित केलाय, सोबत हॅरी बेलाफाँटे. गुलामीतून सुटलेली कुटुंबं पश्चिमेला जमीन शोधायला निघालीत आणि त्यांना परत मळ्यांवर हाकायला भाडोत्री टोळ्या मागावर. 'लिटल बिग मॅन' (१९७०) पण बघा, चीफ डॅन जॉर्जसाठी, त्याचं म्हातारं हसणं विसरता येत नाही. ऑस्करचं नामांकन मिळालं होतं त्याला.

---

धुळीची_वाट:

मंडळी, खरंच मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. यादी करून ठेवलीय, एकेक बघणार.

काल रात्री 'द डॉटर ऑफ डॉन' बघितला. नीट बघायचा म्हणून फोन बंद करून बसलो. गोष्ट साधी आहे, एका मुलीवर दोन तरुणांचं प्रेम, मुलीचा बाप म्हणतो दोघांनी कड्यावरून उडी मारा, ज्याचं प्रेम खरं तो मारेल. एक मारतो, दुसऱ्याचा धीर होत नाही. मध्ये बायसनची शिकार आहे, नाच आहे. मला सगळ्यात जास्त काय जाणवलं सांगू का, ते लोक उगाच काही करत नाहीत. तंबूच्या बाहेर बसलेत, कोणी घोड्याचा दोर सोडतंय, कोणी लांब बघतंय. आरोळ्या नाहीत, हात छातीवर बांधून उभं राहणं नाही. कोणाच्या अंगावर कपडे उसने वाटत नाहीत. मी आयुष्यभर बघितलेल्या वेस्टर्नमध्ये हे लोक कधी नुसते बसलेले मी बघितलेच नव्हते.

आणि एक गोष्ट अर्ध्यात आल्यावर लक्षात आली, तिसरी घंटा, तुम्ही दोन वेगवेगळ्या प्रतिसादांत लिहिलंय म्हणून मला उशिरा जुळलं. व्हाइट पार्कर आणि वनाडा पार्कर ही क्वानाची मुलं. म्हणजे सिंथिया ॲनची नातवंडं. 'द सर्चर्स' मध्ये ज्या मुलीला उचलून घरी आणतात आणि दार लावून घेतात, त्या गोष्टीमागच्या खऱ्या बाईची नात इथे आहे, ३६ वर्षं आधीच्या पिक्चरमध्ये, उन्हात उभी, वाऱ्याने केस उडतायत. वनाडाचा रोल फार मोठा नाही. पिक्चर संपल्यावर मी मागे जाऊन फक्त तिचे सीन पुन्हा लावले.